‘रँट’ हा शब्द मराठीत कसा आणावा: इंग्रजी शब्दाचा अर्थ आणि उगम शोधण्याची रीत

नाशिकला गंगापूर रोडलगतच्या एका खोलीत आठवड्यातून दोनदा संध्याकाळी आमचा भाषांतराचा लहानसा वर्ग भरतो. एकदा मी तेथे इंग्रजी उतारा वाचून दाखवला आणि त्यातले शेवटचे वाक्य मराठीत लिहायला सांगितले. उताऱ्यातल्या माणसाने रात्री उशिरा मैत्रिणीला लांबलचक संदेश पाठवून ऑफिसातल्या वरिष्ठावरचा सगळा राग त्यात ओतला होता आणि शेवटी, ‘माझा रँट ऐकून घेतलास, आभार’ अशा अर्थाची ओळ लिहिली होती. रँट म्हणजे ढोबळमानाने रागाच्या भरातले लांबलचक बोलणे. पहिलीच वही उघडली तर तिच्यात ‘माझे भाडे ऐकून घेतलेस, आभार’ असे वाक्य होते. वर्ग हसला, पण चूक कानाची होती, अकलेची नव्हे. ‘रेंट’, म्हणजे भाडे, आणि ‘रँट’ यांतला स्वर आपल्या तोंडी सहज एक होतो आणि ‘बेंच’ व ‘बॅट’ शेजारी शेजारी म्हणून पाहिल्याशिवाय तो वेगळा ऐकू येत नाही. बाकीच्या वह्यांत ‘बडबड’, ‘आगपाखड’, ‘प्रलाप’ असे शब्द होते, आणि एकाने ‘रँट’ हाच शब्द तसाच ठेवून वेळ मारून नेली होती.

भाडे वगळले तर कोणाचेही उत्तर सपशेल चुकले नव्हते आणि कोणाचेही पुरते जमले नव्हते. मोबाइलवर जो पहिला प्रतिशब्द समोर आला तो प्रत्येकाने उचलला होता, आणि शब्द कोणाच्या तोंडी आहे याकडे पाहिले नव्हते. म्हणून पुढच्या दोन-तीन बैठकांत आम्ही हा एकच शब्द घेऊन बसलो. इंग्रजी शब्दाचा अर्थ आणि उगम शोधायचा म्हणजे काय करायचे, कोणत्या क्रमाने करायचे आणि कोठे हात आखडता घ्यायचा, हे तेव्हा जसे ठरत गेले तसे येथे देत आहे. शब्द दुसरा घेतला तरी क्रम फारसा बदलत नाही.

कोश उघडण्यापूर्वी वाक्ये जमवावीत

शब्दाची पहिली चौकशी कोशात करू नये, वाक्यात करावी. वहीचे एक पान त्या शब्दाला द्यावे, शब्द जेथे भेटेल तेथले पूर्ण वाक्य उतरून घ्यावे आणि त्याच्यासमोर चार गोष्टी लिहाव्यात: कोण बोलत आहे, कोणाविषयी, कोणापुढे आणि कोणत्या सनात, कोणत्या गावी. हे काम शाळकरी वाटेल, परंतु इंग्रजीचा थोरला ऑक्सफर्ड कोश असाच उभा राहिला. ठिकठिकाणच्या वाचकांनी पुस्तके वाचून शब्दांची वाक्ये चिठ्ठ्यांवर उतरवून पाठवली, जेम्स मरे या संपादकापुढे त्या चिठ्ठ्यांचे ढीग साचले, पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि शेवटचा १९२८ मध्ये; मरे स्वतः १९१५ मध्येच वारले होते. आपल्याला तेवढे आयुष्य घालवायचे नाही. पाच वाक्ये पुरतात, मात्र ती एकाच छापाची नसावीत.

आमच्या पानावर पहिले वाक्य त्या रात्रीच्या संदेशाचे होते. दुसरे एका खेळाच्या बातमीच्या मथळ्यातले वाक्य होते, ज्यात पराभवानंतर पत्रकारांवर घसरलेल्या प्रशिक्षकाच्या बोलण्याला ‘रँट’ म्हटले होते. या दोन वाक्यांतच निम्मा अर्थ हाती लागतो. पहिल्यात माणूस स्वतःच्या बोलण्याला ते नाव देतो, म्हणजे ‘मी जरा जास्तच बोललो, समजून घे’ अशी सवलत मागतो. दुसऱ्यात दुसऱ्याच्या बोलण्याला तेच नाव दिले आहे, म्हणजे ‘हा संतापाच्या भरात बोलत आहे, फार मनावर घेऊ नका’ असा निवाडा आधीच देऊन टाकला आहे. शब्द एकच असला तरी मराठीत या दोन ठिकाणी तो एकच राहणार नाही, हे कोश न उघडताच कळते.

तिसरे वाक्य शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ या नाटकातले, म्हणजे साधारण १६०० सालचे. नायक हॅम्लेटच्या प्रेयसीला, ऑफेलियाला, मूठमाती देताना तिचा भाऊ लेअर्टीझ खड्ड्यात उडी घेतो आणि आपल्या दुःखाचे मोठमोठ्याने वर्णन करतो. ते ऐकून हॅम्लेट पुढे होतो, स्वतःही डोंगरएवढ्या मातीची भाषा करतो आणि शेवटी म्हणतो, तू तोंड चालवणार असशील तर ‘आय्ल रँट ॲज वेल ॲज दाऊ’, तुझ्याइतकाच मीही गर्जेन. या वाक्यात ‘रँट’च्या शेजारी ‘माउथ’ हा शब्द क्रियापद म्हणून आला आहे, आणि तेथे मराठी वाचकाला एकदम घरी आल्यासारखे वाटते, कारण तोंड सोडणे, तोंड टाकणे, तोंडसुख घेणे ही क्रियापदे आपण रोज वापरतो. याच नाटकात हॅम्लेटने आधी नटांना बजावलेले असते की माझी वाक्ये तुम्ही असे तोंड वासून म्हणणार असाल तर त्यापेक्षा ती मी दवंडीवाल्याकडून म्हणवून घेईन. तेव्हा त्या काळचा ‘रँट’ हा निव्वळ राग नव्हता; त्यात रंगभूमीवरचा आवाज होता, शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा आणि अंगापेक्षा बोंगा मोठा असलेला. संदेश पाठवणाऱ्या माणसाच्या ‘रँट’मध्ये हा नट आज जवळजवळ उरलेला नाही.

चौथे वाक्य स्कॉटलंडच्या एका गाण्यातले होते. त्याकडे पुढे येतो. पाचवे आमच्याच एका विद्यार्थ्याने आणले, आणि ते इंग्रजी नव्हते. तो निफाडकडून एसटीने येत होता. शेजारी बसलेल्या शेतकऱ्याने खिशातून घडी केलेली हिशेबपट्टी काढली, मांडीवर ठेवून हाताने सरळ केली आणि काढणीची मजुरी, पिकअपचे भाडे, हमाली, तोलाई असे एकेक बोट ठेवत शेवटच्या आकड्यापर्यंत आला. ‘वाचा तुम्हीच,’ एवढेच तो मधूनमधून म्हणत होता. नाशिक येईपर्यंत हे चालले. विद्यार्थ्याने वहीत लिहिले: ‘कांद्याच्या भावावरून एका काकांचा रँट ऐकला.’ मी ते वाक्य पानावर राहू दिले, पण त्याच्यापुढे फुली मारली. आवाज न चढवता, आकड्यांवर बोट ठेवून सांगितलेले ते गाऱ्हाणे होते. लांब आणि एकतर्फी बोलणे ऐकावे लागले की त्याला रँट म्हणायची सवय आपल्या तरुणांना लागली आहे, आणि त्या सवयीत सांगणाऱ्याचे म्हणणे न ऐकताच निकाली काढले जाते. शब्दाचा अर्थ ठरवताना तो कोठे लागू पडत नाही, याचेही एक वाक्य पानावर असावे ते यासाठी.

कोणता कोश कशासाठी

शिकणाऱ्यांसाठी तयार केलेले इंग्रजी-इंग्रजी कोश आजचा अर्थ सांगतात आणि तेवढ्यासाठीच ते वापरावेत. त्यांच्यानुसार ‘रँट’ म्हणजे मोठ्याने, दीर्घ वेळ, रागाच्या भरात आणि बरेचदा ताळतंत्र सोडून बोलणे किंवा तक्रार करणे. ते क्रियापदही आहे आणि नामही. जुना अर्थ हवा असेल तर ऐतिहासिक कोशाकडे, म्हणजे थोरल्या ऑक्सफर्डकडे जावे. तो अर्थांना कालक्रमाने मांडतो आणि प्रत्येक अर्थाखाली सनावळीसह वाक्ये देतो. ती वाक्ये वाचावीत. व्याख्या वाचून कोश मिटणारा माणूस फराळाचे ताट पाहून उठणाऱ्या पाहुण्यासारखा असतो.

मधला एक मुक्काम सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ सालच्या कोशाचा आहे आणि तो चुकवू नये. त्याने ‘रँट’चा अर्थ असा दिला आहे की विचाराला तेवढी भारदस्त बैठक नसताना जोरकस, घणाघाती भाषेत बरळणे. येथे राग हा शब्दच नाही! जॉन्सनला खटकतो तो भाषा आणि विचार यांतला हिशेब: आवाज शंभराचा आणि माल दहाचा. हॅम्लेटच्या काळातला नट जॉन्सनपर्यंत जिवंत होता, आणि राग व तक्रार हे शब्दाच्या गाभ्यात नंतर सरकले, हे या एका व्याख्येवरून दिसते.

मराठी बाजूसाठी तीन साधने हाताशी ठेवावीत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आला आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये; शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संग्रहात तो इंटरनेटवर मोफत शोधता येतो. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्तिकोश ही उरलेली दोन. १८४० मध्ये स्थापन झालेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयात, ज्याला सगळे नाशिककर ‘सावाना’ म्हणतात, जुने कोश चाळायला मी अजूनही जातो, कारण पडद्यावर शोधलेला शब्द एकटा येतो आणि छापील पानावर त्याची सगळी भावकी दिसते.

उगमाची ओळ कशी वाचावी

कोशात व्युत्पत्तीची ओळ आखूड असते आणि तिच्यातला प्रत्येक छोटा शब्द महत्त्वाचा असतो. ‘पासून’ म्हटले असेल तर पुरावा आहे, ‘बहुधा’ म्हटले असेल तर अंदाज आहे, आणि ‘ताडून पाहा’ म्हटले असेल तर तो शब्द नात्यातला असू शकतो पण बाप नव्हे. ‘रँट’ इंग्रजीत साधारण १६०० च्या सुमारास डच भाषेतून आला. डचमधले ‘रांटन’ किंवा ‘रांडन’ हे क्रियापद मूर्खासारखे बोलणे, बरळणे या अर्थाचे होते. नाम त्यानंतरचे, १६४० च्या दशकातले. कोश पुढे जर्मन भाषेतले ‘रांट्सन’ ताडून पाहायला सांगतात, ज्याचा अर्थ उड्या मारणे, बागडणे असा होतो. डच शब्दाच्या मागे काय आहे याचा पुरावा मिळत नाही, आणि तेथे चांगला कोश थांबतो. आपणही थांबावे. न थांबण्यातूनच घोटाळे होतात.

असा एक घोटाळा आमच्या वर्गातही आला. संस्कृतचा चांगला व्यासंग असलेल्या एका गृहस्थांनी सांगितले की ‘रट्’ या धातूचा अर्थच ओरडणे, किंचाळणे असा आहे, तेव्हा ‘रट’वरून ‘रँट’ हे उघड आहे. ध्वनी जुळतो, अर्थही जुळतो, आणि ऐकणाऱ्याची छातीही थोडी फुगते. अशा वेळी वाद न घालता तीन गोष्टी तपासाव्यात.

पहिली गोष्ट तारीख. ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली ३१ डिसेंबर १६०० रोजी आणि तिचे पहिले जहाज सुरतेला लागले १६०८ मध्ये. हॅम्लेट त्याआधी लंडनच्या रंगभूमीवर येऊन गेला होता. दुसरी गोष्ट वाट. भारतातून शब्द गेला असेल तर वाटेत त्याच्या पाऊलखुणा पडतात. ‘मुंगूस’ हा आपला शब्द सतराव्या शतकाच्या अखेरीस ‘मंगूस’ होऊन इंग्रजीत गेला, तेव्हा हिंदुस्थानात आलेल्या प्रवाशांच्या लिखाणात तो त्या प्राण्यासकट सापडतो. ‘लूट’चेही तसेच. ‘रट्’ची अशी एकही खूण नाही, उलट डच शब्द शेजारच्या घरात, त्याच अर्थाने उभा आहे. तिसरी गोष्ट ध्वनी, आणि ती सर्वांत गमतीची आहे. संस्कृत आणि इंग्रजी फार प्राचीन काळी एका घरातल्या असल्याने कोणी म्हणेल की शब्द उसना नसून वडिलोपार्जित असेल. परंतु वडिलोपार्जित शब्द इंग्रजीत येताना ठरावीक रीतीने बदललेले असतात: ‘पितृ’समोर ‘फादर’ येतो, ‘त्रि’समोर ‘थ्री’, आणि ‘दन्त’समोर ‘टूथ’. म्हणजे खऱ्या नातलगांचे चेहरे बदललेले असायला हवेत. दोन शब्द हुबेहूब सारखे दिसत असतील, तर नात्याची खात्री वाढण्याऐवजी संशय वाढला पाहिजे. गृहस्थांनी हे शांतपणे ऐकून घेतले आणि ‘तरी पण’ म्हणून चहा मागवला.

अर्थाने घेतलेली वळणे

उगम सापडला म्हणजे अर्थ सापडला असे नव्हे. मधली चारशे वर्षे पाहावी लागतात. ‘रँट’च्या बाबतीत त्यातली दोन वळणे विसरण्यासारखी नाहीत.

इंग्लंडात १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्स राजाचा शिरच्छेद झाला आणि पुढची दोन-तीन वर्षे देशात नवनव्या पंथांना ऊत आला. त्यातल्या एका गटाला लोक ‘रँटर’ म्हणू लागले. परमेश्वर प्रत्येक वस्तूत आहे, आणि ज्याचे मन शुद्ध झाले त्याला पाप लागत नाही, अशी शिकवण त्यांच्या नावावर होती. शिव्यांनाही ते पवित्र मानतात, दारू पिऊन नाचतात, अशा कथा त्यांच्याविरुद्धच्या पत्रकांतून पसरत होत्या. अबायझर कॉप या उपदेशकाची पत्रके संसदेच्या हुकमाने १६५० मध्ये जाळली गेली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ईशनिंदेविरुद्ध कायदा झाला. हे नाव विरोधकांनी दिलेले होते, हे ध्यानात ठेवावे. रँटर नावाचा संघटित पंथ मुळात होता की नाही, यावरही इतिहासकारांत वाद आहे, जे. सी. डेव्हिस यांनी १९८६ मध्ये असा पंथ ही बव्हंशी घाबरलेल्या विरोधकांची निर्मिती होती असे प्रतिपादन केले. पुढे एकोणिसाव्या शतकात तेच टोपणनाव प्रिमिटिव्ह मेथडिस्ट या ख्रिस्ती मंडळींना चिकटले, कारण ते उघड्यावर प्रवचने देत आणि रस्त्याने भजने म्हणत जात. दोन्ही वेळा नाव ठेवणारा सभ्य माणूस होता आणि ज्याला नाव ठेवले तो रस्त्यावरचा. प्रशिक्षकाच्या बातमीत आणि एसटीतल्या काकांविषयीच्या वाक्यात जो निवाडा आपल्याला दिसला, त्याची सवय या शब्दाला इतकी जुनी आहे.

दुसरे वळण उत्तरेला, स्कॉटलंडकडे जाते, आणि ते उलट दिशेचे आहे. तेथे ‘रँट’ म्हणजे धमाल, मौजमजा, आणि त्यावरून पुढे नाचायला लावणारी उडती चाल. इंग्लंडच्या उत्तर भागात पावलांच्या एका नाचाला आजही हेच नाव आहे. जेम्स मॅक्फर्सन नावाच्या लुटारूला नोव्हेंबर १७०० मध्ये बॅन्फ या गावी फाशी दिली गेली. तो फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवणारा होता आणि त्याच्या नावाने जी चाल प्रसिद्ध आहे तिला ‘मॅक्फर्सनचा रँट’ म्हणतात. रॉबर्ट बर्न्स या कवीने १७८८ मध्ये त्याच्यावर गाणे रचले, त्याच्या धृपदात तो ‘रँटिंगली’ चालत गेला आणि वधस्तंभाखाली चाल वाजवून तिच्यावर नाचला असे म्हटले आहे. आमच्या पानावरचे चौथे वाक्य ते हेच. एका विद्यार्थिनीने आधी ‘तो संतापाने बडबडत गेला’ असे लिहिले होते, आणि आजचा कोश पाहून लिहिणाऱ्याने दुसरे काय लिहावे? पण गाण्यातला माणूस बडबडत नाही. तो मस्तीत, बेफिकिरीने, ऐटीत मरणाकडे जातो. बर्न्सने स्वतःविषयीही ‘रँटिन’ हेच विशेषण अभिमानाने वापरले आहे. सन आणि गाव लिहिल्याशिवाय वाक्य उतरून घेऊ नये, असे मी वर म्हटले ते या फसगतीमुळेच.

आता डचमध्ये बरळणे, जर्मनमध्ये उड्या मारणे आणि स्कॉटलंडात नाचणे हे एका ओळीत ठेवून मराठीकडे पाहावे. आपण ‘वल्गना’ म्हणतो, तेव्हा पोकळ फुशारकी एवढेच डोळ्यांपुढे असते. पण संस्कृतात ‘वल्ग्’ म्हणजे उड्या घेणे, दौडणे, आणि वल्गना ही मुळात उसळीच आहे. ‘आकांडतांडव’ या शब्दात ‘अकांड’ म्हणजे अवेळी, कारण नसताना, आणि ‘तांडव’ हा तर नाचच. ‘थयथयाट’ करणारा माणूस थयथय नाचतो. माणूस तोंडाने फार बोलू लागला की पाहणाऱ्याला तो अंगाने उडताना दिसतो, आणि हे दिसण्यासाठी भाषांचे एकमेकींशी नाते असावे लागत नाही. व्युत्पत्तीच्या अभ्यासात अशी समांतर वाटचाल वारंवार भेटते. ती वहीत जरूर टिपावी, मात्र ‘उगम’ या रकान्यात टिपू नये.

शेजारचे शब्द वेगळे करावेत

इंग्रजीत या अर्थाच्या आसपास बरीच गर्दी आहे. तिच्यातून फक्त तेवढेच शब्द निवडावेत जे भाषांतरात एकमेकांच्या जागी चुकून बसतात. ‘रेव्ह’ हा ‘रँट’चा जोडीदार म्हणून नेहमी येतो, पण तो दोन शतकांहून थोरला आहे, बहुधा जुन्या फ्रेंचमधून चौदाव्या शतकात आलेला, त्याचा मूळ रंग तापातल्या किंवा वेडाच्या भरातल्या बडबडण्याचा आहे. पुढे मात्र तो उलटला आणि तोंड भरून स्तुती करण्यालाही लागू झाला, म्हणून नाटकाला ‘रेव्ह’ परीक्षण मिळाले असे वाचल्यावर समीक्षकाने झोडपले असे समजू नये. ‘टायरेड’ फ्रेंचमधून आला. त्यात ओढण्याचा, एका दमात ताणत नेण्याचा अर्थ आहे, आणि आपल्या ‘सरबत्ती’ला तो जवळचा आहे. ‘डायट्राइब’ ग्रीक असून आधी वेळ घालवणे, मग विद्वान व्याख्यान आणि फार उशिरा कडवट टीका असा उतरत आला आहे. विद्वत्तेचा शेवट कशात होतो याविषयी येथे अधिक बोलत नाही.

‘बॉम्बास्ट’चा मात्र बॉम्बशी काही संबंध नाही, आणि हे मी प्रत्येक वर्गात मुद्दाम विचारतो, कारण निम्मे हात बॉम्बसाठी वर होतात. बॉम्बास्ट म्हणजे कापूस. सोळाव्या शतकात अंगरख्यांच्या आत छाती आणि खांदे भरदार दिसावेत म्हणून जो कापूस भरत त्याचे हे नाव होते, आणि भाषेतही असा कापूस भरतात हे लक्षात आल्यावर शब्द बोलण्याकडे सरकला. जॉन्सनने ‘रँट’ला दिलेला अर्थ आणि हा कापूस एकमेकांच्या अगदी जवळ आहेत. फरक एवढाच की बॉम्बास्ट करणारा भारदस्त दिसण्यासाठी फुगतो, तर रँट करणाऱ्याला आपण कसे दिसतो याचे भान सुटलेले असते.

मराठी शब्द निवडताना

येथवर आल्यावर एक प्रतिशब्द ठरवून टाकण्याचा मोह होतो. तो आवरावा आणि पानावरच्या प्रत्येक वाक्याला स्वतंत्र शब्द द्यावा. प्रशिक्षकाच्या बातमीला ‘आगपाखड’ चपखल बसते; सुपात धान्याऐवजी आग घेऊन पाखडण्याचे ते चित्र आहे, आणि पाखडणाऱ्यासमोर जो बसला असेल त्याच्या अंगावर ठिणग्या उडतात. बोलण्याला समोर लक्ष्य नसेल तर हा शब्द वापरू नये. लक्ष्य आहे, पण ते हजर नाही, आणि बोलणाऱ्याला बोलण्यातच बरे वाटत आहे, अशा वेळी ‘तोंडसुख घेणे’ योग्य. कारण क्षुल्लक आणि आवाज प्रचंड असेल तर ‘आकांडतांडव’. हॅम्लेटसाठी ‘गर्जणे’ किंवा ‘वल्गना’ चालेल, कारण तेथे नट आहे; बर्न्ससाठी ‘मस्तीत’, ‘ऐटीत’ याच अंगाने जावे. ‘प्रलाप’ तापातल्या रोग्याला आणि ‘रेव्ह’ला राखून ठेवावा. ‘भडास काढणे’ हिंदीतून आले असले तरी आता नाशिकच्या कोणत्याही चहाच्या टपरीवर ऐकू येते आणि बोलीतल्या संवादात ते लिहायला माझी हरकत नाही. औपचारिक गद्यात मात्र ते कानाला टोचते. ‘बडबड’मध्ये राग नाही आणि ‘रडगाण्या’त जोर नाही, म्हणून दोन्ही शब्द ‘रँट’च्या शेजारी राहतात, घरात येत नाहीत.

निवडलेला शब्द तपासण्याची एक साधी युक्ती आहे. मराठी वाक्य मोठ्याने म्हणावे आणि विचारावे की हे वाक्य बोलणारा स्वतःविषयी म्हणू शकेल काय. ‘मी आगपाखड केली’ असे सहसा कोणी प्रेमाने सांगत नाही; ‘फार कटकट केली का रे मी’ असे मात्र आपण सतत म्हणतो. इंग्रजीतला ‘रँट’ दोन्ही बाजूंनी चालतो आणि मराठीतले बहुतेक शब्द एकाच बाजूने, त्यामुळे वाक्यात बोलणारा कोण हे आधी लिहून ठेवले नसेल तर येथे अडायला होते.

वर्गाच्या शेवटच्या संध्याकाळी आम्ही त्या पहिल्या वाक्याकडे परत गेलो. बहुमत ‘कटकट’च्या बाजूने होते, पण त्यात रात्रीचा राग थंड पडत होता. तेव्हा भाडेवालीने, जिला आता सगळे त्याच नावाने हाक मारतात, सुचवले: ‘इतका वेळ माझा त्रागा ऐकून घेतलास, आभार.’ मी हरकत घेतली. त्रागा हा शब्द सामान्य नाही, असे मी सांगितले. पूर्वी भाट-चारण आपली मागणी मान्य करवून घेण्यासाठी स्वतःच्याच शरीरावर जखमा करून घेत, प्रसंगी जीवही देत, आणि त्या कृत्याला त्रागा म्हणत. मोबाइलवरच्या संदेशाला एवढे रक्ताचे नाव कशाला? तिने वही मिटली नाही. ‘सर, उगम सापडला म्हणजे अर्थ सापडला असे नव्हे, हे तुम्हीच फळ्यावर लिहिलेत,’ ती म्हणाली, ‘आणि वरिष्ठाला एक अक्षर न बोलता मध्यरात्री मैत्रिणीला शंभर ओळी लिहिणारा माणूस त्रास कोणाला करून घेतो आहे?’ मी तिच्या वाक्यापुढे बरोबरची खूण केली.